कोलोरॅडोच्या जंगलात मुक्कामाची जागा शोधताय? आधी सरकारचा हा काळा-पांढरा नकाशा घ्या

रेटिंग आधीच देते, पाचपैकी पाच. आणि वस्तू चक्क फुकट आहे. यूएस फॉरेस्ट सर्व्हिस, म्हणजे अमेरिकेचं सरकारी वनखातं, दरवर्षी एक नकाशा काढते, मोटर व्हेइकल यूज मॅप नावाचा, जंगलातल्या कुठल्या रस्त्यांवर गाडी नेता येते ते दाखवणारा, इथले कॅम्पिंगवाले त्याला एमव्हीयूएम म्हणतात. दिसायला अगदी रुक्ष, काळ्या-पांढऱ्या रेघा, बारीक बारीक आकडे आणि कडेला एक भलामोठा तक्ता. पहिल्यांदा हातात आला तेव्हा मी घडी घालून गाडीच्या कप्प्यात ठेवून दिला होता आणि वर्षभर उघडलाच नाही. आज गेली तीन वर्षं आम्ही जिथे जिथे तंबू लावला त्यातली प्रत्येक जागा या नकाशावरून शोधलेली आहे, म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहावंच, कारण आपल्या कॅम्पिंगच्या ग्रुपवर दर उन्हाळ्यात तोच प्रश्न येतो, "कॅम्पग्राउंड फुल आहे, आता काय करू?"

आधी थोडं मागचं सांगते. आपल्यातल्या बऱ्याच जणांची नॅशनल पार्क आणि नॅशनल फॉरेस्ट यात गल्लत होते, माझीही व्हायची. पार्कात, म्हणजे रॉकी माउंटनसारख्या ठिकाणी, मनात येईल तिथे मुक्काम करता येत नाही, आतल्या रानात राहायचं तर परमिट लागतं. नॅशनल फॉरेस्ट वेगळं, ते शेती खात्याच्या अखत्यारीत येतं, देशभरात अशी १५४ जंगलं आहेत आणि डेन्व्हरपासून दीड-दोन तासांत पाइक, सॅन इझाबेल, अरापाहो, रूझवेल्ट अशी चार तरी गाठता येतात. या जंगलांत बांधीव कॅम्पग्राउंड असतातच, टेबल, संडास, नळ, महिनोन्‌महिने आधी ऑनलाइन बुकिंग वगैरे. पण त्याच्या बाहेरही, जिथे मनाई नाही तिथे, तुम्ही रस्त्याच्या कडेने आत जाऊन तंबू लावू शकता. याला डिस्पर्स्ड कॅम्पिंग म्हणतात. पैसे नाहीत, बुकिंग नाही, आणि पाणी, संडास, कचराकुंडी यातलंही काही नाही. बऱ्याच जंगलांत एका जागी १४ दिवस राहायची मुभा आहे. आपल्याकडे राजमाचीला गावात कुणाच्या तरी ओसरीवर पथारी टाकतो ना, तसं काहीही इथे नाही हे डोक्यात पक्कं ठेवा, कारण इथे वस्तीच नाही.

आता अडचण अशी की ही जागा कुठे आहे हे कुणी बोर्ड लावून सांगत नाही. मग माणूस ॲपकडे वळतो. आम्हीही वळलो. एका पैसे भरून घेतलेल्या ॲपवर, नाव लिहीत नाही, एक पिन होती, चाळीसेक रिव्ह्यू, फोटोत ओढा, मस्त सपाटी, सगळ्यांनी वाहवा केलेली. शुक्रवारी ऑफिस आटपून निघालो, पोचेपर्यंत रात्रीचे साडेनऊ, लेक मागच्या सीटवर झोपलेली, आणि पिनच्या जागी बघतो तर चार गाड्या आधीच उभ्या. थोडं पुढे गेलो, एक मोकळी जागा दिसली, हेडलाइटच्या उजेडात तंबू लावला. रात्री बारा-साडेबाराला गाडीचा आवाज, टॉर्च, आणि एक म्हातारे गृहस्थ शांतपणे सांगतायत की ही माझी खासगी जमीन आहे. ओरडले नाहीत, उलट लेकीला बघून त्यांनाच अवघडल्यासारखं झालं, पण उठावं तर लागलंच. ओला तंबू तसाच गोळा करून डिकीत कोंबला आणि उरलेली रात्र हायवेलगतच्या एका पेट्रोल पंपाच्या आवारात गाडीत काढली. लेक मध्येच जागी होऊन विचारत होती, आपण घरी का जात नाही. ती रात्र मी विसरलेले नाही.

जंगलाच्या मधोमध खासगी जमीन कशी, असं वाटेल. कोलोरॅडोत हे खूप आहे. १८७२ च्या खाण कायद्याखाली लोकांनी सोन्या-चांदीच्या खाणींसाठी जमिनीचे लहान लहान तुकडे स्वतःच्या नावावर करून घेतले, खाणी बंद पडल्या पण मालकी राहिली, आणि त्यातले कित्येक तुकडे आज जंगलाच्या पोटात ठिगळांसारखे पडलेत. कुंपण असेलच असं नाही, पाटी असेलच असंही नाही. अंधारात तर काही कळायचा प्रश्नच नाही.

त्याच महिन्यात बाबा साताऱ्याहून आले होते. ते पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत, उभं आयुष्य सर्व्हेच्या नकाशांवर वाकून गेलंय. त्यांना ही हकिगत सांगितली तर त्यांचा पहिला प्रश्न, "नकाशा कुठला होता तुमच्याकडे?" मी फोन दाखवला. ते म्हणाले, "हा नाही गं, कागदाचा." तेव्हा कुठे मला गाडीतली ती घडी आठवली. डायनिंग टेबलावर पसरून, भिंग घेऊन बसले आणि सकाळचा चहा गार होईपर्यंत कुणाशी बोलले नाहीत. मग हाक मारली आणि विचारलं, "या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हे ठिपके कसले?"

ते ठिपके म्हणजेच सगळं. ज्या रस्त्यालगत गाडी थोडी आत घेऊन मुक्काम करायला परवानगी आहे, त्या रस्त्याच्या कडेने बऱ्याच जंगलांच्या नकाशांत ठिपक्यांची ओळ काढलेली असते. किती आत, ते त्याच नकाशावर छापलेलं असतं, कुठे ३०० फूट, कुठे त्याहून खूप कमी, प्रत्येक जंगलाचं आपलं आपलं, त्यामुळे एका जंगलाचं वाचून दुसऱ्याला लावू नका. फॉरेस्टची जमीन एका छटेत आणि बाकीची वेगळी दाखवलेली, म्हणजे आम्ही ज्या तुकड्यावर त्या रात्री झोपलो होतो तो बाबांनी दोन मिनिटांत बोट ठेवून दाखवला. माझ्या गाडीत वर्षभर पडलेल्या कागदावर ते छापलेलं होतं.

दुसरी गोष्ट बाबांनीच काढली. रस्त्यांच्या नंबरात एक पद्धत आहे, मोठ्या रस्त्याला साधा नंबर, आणि त्यातून फुटणाऱ्या छोट्या फाट्यांना तोच नंबर आणि पुढे एखादं अक्षर, ए, बी, सी असं. असा पाव-अर्ध्या मैलाचा, कुठेच न जाणारा फाटा दिसला की समजायचं, याच्या टोकाला बहुतेक वेळा लोक पूर्वापार मुक्काम करत आलेत. का, तर रस्ता उगाच बनत नाही, कुणी लाकूडतोडीसाठी केला असेल, कुणी शिकारीच्या सीझनला गाडी लावायला, आणि टोकाला गाडी वळवायला मोकळी सपाटी लागतेच. आम्ही आता हेच करतो, नकाशावर एका भागातले असे सात-आठ फाटे निवडायचे, मग घरी बसून सॅटेलाइट फोटोत एकेक उघडून बघायचा. टोकाला मातीचा फिकट गोल किंवा थेंबासारखं वळण दिसलं, झाडांची सावली जवळ आहे, आणि ओढा अगदी चिकटून नाही, की तो यादीत.

कडेचा तक्ताही नीट वाचा, मी पहिल्या वर्षी तो सोडून दिला होता. कुठला रस्ता कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत उघडा आणि कुठल्या गाड्यांना, हे तिथे असतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जो रस्ता या नकाशावर नाही तो गाडीसाठी बंद. समोर चाकांच्या खुणा दिसू देत, फाटक नसू दे, पाटी नसू दे, तरीही बंद. २००५ च्या नियमानंतर प्रत्येक जंगलाला असा नकाशा काढणं भाग पडलं, आणि दंड करताना हाच नकाशा ग्राह्य धरतात. पाटी दिसली नाही हे कारण चालत नाही.

फोनवर हवा असेल तर जंगलाच्या वेबसाइटवरून पीडीएफ घ्या आणि ॲव्हेन्झा ॲपमध्ये उघडा, तुम्ही कुठे उभे आहात तो निळा ठिपका त्याच नकाशावर हलताना दिसतो, रेंज नसली तरी, कारण जीपीएसला मोबाइलचं नेटवर्क लागत नाही. फक्त घरातून निघायच्या आधी डाउनलोड करा. घाट चढायला लागलात की रेंज गेलीच म्हणून समजा. आम्ही तरी कागदही बरोबर ठेवतो, फोन थंडीत पटकन मान टाकतो.

हा नकाशा काय देत नाही तेही सांगायला हवं. डोंगराचे उंचवटे नाहीत, त्यामुळे जागा सपाट आहे की कड्यावर आहे ते यावरून कळणार नाही, त्यासाठी टोपो, म्हणजे चढ-उतार दाखवणारा, नकाशा वेगळा बघायला लागतो. मुक्कामाची नेमकी जागा कुठेच दाखवलेली नाही, परवानगी कुठे आहे एवढंच. रस्ता किती खराब आहे तेही नाही. रस्त्याच्या अवस्थेसाठी मात्र एक युक्ती आहे, जी एका रेंजर ऑफिसातल्या, म्हणजे फॉरेस्ट सर्व्हिसच्या स्थानिक ऑफिसातल्या, बाईंनी सांगितली आणि तेव्हापासून आमचा खूप त्रास वाचला. जंगलात फाट्याच्या तोंडाशी नंबराची तपकिरी पाटी असते. आकडे आडवे लिहिलेले असतील तर साधी गाडी बहुतेक जाते. आकडे उभे, एकाखाली एक असतील, तर तो रस्ता उंच गाडीसाठी, बुटकी सेडान घालू नका, पोट घासणार. आमची रॅव्हफोर आहे, उभ्या आकड्यांच्या रस्त्यावर मी आधी उतरून चालत जाऊन बघते, मगच नवरा गाडी आत घेतो. आणि भाड्याची गाडी असेल तर करार वाचा, कच्च्या रस्त्यावर न्यायला बहुतेक कंपन्यांची मनाई असते आणि तिथे टोइंग बोलवायला रेंज नसते.

बाबांच्या नकाशावाचनानंतर आमची पहिली ट्रिप केनोशा घाटाच्या पलीकडे, साउथ पार्क नावाच्या माळाच्या अंगाला झाली. घाट साधारण १०,००० फुटांवर आहे, २८५ नंबरच्या हायवेने वळण घेऊन वर आलात की एकदम समोर तो गवताचा अफाट माळ उघडतो आणि पलीकडे डोंगरांची रांग. बाबा गाडीतच म्हणाले, पाचगणीचं टेबललँड याच्या एका कोपऱ्यात मावेल. दुपारी दोनलाच पोचलो होतो, हे मी आता नियमच केलंय, अंधार पडायच्या आत कमीत कमी चार तास हातात पाहिजेत. यादीतला पहिला फाटा, कुणीतरी आधीच होतं, हात केला आणि मागे फिरलो, त्यांच्या शेजारी तंबू लावायचा नाही, माणूस इथे एकांतासाठी येतो. दुसरा फाटा सुंदर, पण वर बघितलं तर पाइनची झाडं उभी वाळलेली. इथल्या जंगलांत पाइन बीटल नावाच्या किड्याने प्रचंड झाडं मारलीत, ती उभीच राहतात आणि वाऱ्याने कधी पडतील सांगता येत नाही, अशा झाडाखाली झोपायचं नाही म्हणजे नाही. तिसरा फाटा मिळाला. टोकाला अॅस्पेनची झाडं, पूर्वीच्या कुणाची तरी दगडांची चूल, तंबूपुरती घट्ट माती, आणि ओढा खाली दोनशे-अडीचशे फुटांवर, नुसता आवाज येण्याइतका. आम्ही नवीन जागा साफ करत नाही, जिथे आधी मुक्काम झालेला आहे तिथेच लावतो, कारण इतक्या उंचीवर एकदा तुडवलेलं गवत परत यायला वर्षानुवर्षं लागतात.

त्या संध्याकाळी जेवणाचा घोळ झाला तो सांगते म्हणजे तुमचा होणार नाही. १०,००० फुटांवर पाणी साधारण ९० अंशांनाच उकळतं. पातेल्यात तुरीची डाळ तासभर रटरटत ठेवली, शिजेचना, गॅस संपत आला. आता छोटा दोन लिटरचा कुकर नेतो, कितीही जड वाटला तरी, आणि त्यात मुगाच्या डाळीची खिचडी. नाहीतर भाजणीचं थालीपीठ, घरून मळून नेलेलं, किंवा पिठलं, हे दोन्ही कुठल्याही उंचीवर दगा देत नाहीत. लसणीची चटणी, तूप, लोणचं सगळं रात्री गाडीत, काचा वर, दारं लॉक. ब्लॅक बेअर आहेत आणि त्यांना टूथपेस्टसुद्धा चालते, तंबूत खायचं काहीही ठेवू नका, लेकीच्या जॅकेटच्या खिशात राहिलेली शेंगदाण्याची चिक्कीसुद्धा मी शोधून काढली होती.

संडासासाठी खुरपं न्या. सहा ते आठ इंच खोल खड्डा, पाण्यापासून, तंबूपासून आणि वाटेपासून २०० फूट लांब, म्हणजे मोठ्या माणसाची साधारण ७० पावलं, नंतर माती नीट लोटायची आणि कागद पिशवीत घालून परत आणायचा. हे लिहायला संकोच वाटतो पण मी लिहिणार, कारण मागच्या जुलैत आम्ही एका फाट्याच्या टोकाला गेलो तर सगळ्या झाडांमागे पांढरे कागद, आणि ती जागा दोन वर्षांपूर्वी एका ॲपवर आली होती हे मला माहीत होतं. अशाच गर्दीमुळे क्रेस्टेड ब्यूट गावाच्या आसपासच्या खोऱ्यांत २०२१ पासून ठरवून दिलेल्या नंबरच्या खुंटीपाशीच मुक्काम करता येतो, खुंटी रिकामी नसेल तर पुढे जायचं. लोकांनी जागा नीट ठेवल्या असत्या तर ही वेळ आली नसती असं मला मनापासून वाटतं. म्हणून मीही इथे आमचा फाटा कुठला ते लिहीत नाहीये, कुणी राग मानू नका, आणि कृपा करून तुम्हाला सापडलेली जागाही पिन टाकून जगाला देऊ नका, नकाशा वाचायला शिकवा, तो सगळ्यांना पुरतो.

शेकोटीबद्दल जरा कडकच बोलते. जायच्या आदल्या दिवशी त्या जंगलाचं फायर रिस्ट्रिक्शन, म्हणजे आगीवरचे निर्बंध, बघायचंच. त्यातली स्टेज वन नावाची पायरी लागली असेल तर डिस्पर्स्ड जागेवर लाकडाची शेकोटी बंद, दगडांची चूल तयार असली तरी बंद, ती सूट फक्त बांधीव कॅम्पग्राउंडच्या पक्क्या चुलींना. गॅसची शेगडी, जिला बंद करायचा नॉब आहे ती, चालते. याच पाइक जंगलात जून २००२ मध्ये, शेकोटीबंदी चालू असताना लागलेल्या हेमनच्या वणव्यात सुमारे १ लाख ३८ हजार एकर गेले, डेकर्स गावाच्या बाजूला गेलात तर अजून उघडेबोडके डोंगरउतार दिसतात, वीस वर्षं उलटली तरी. बाबांना आम्ही तिथे नेलं होतं. ते गाडीतून उतरले, बराच वेळ नुसते बघत उभे राहिले, आणि त्या ट्रिपला शेकोटी नको असं त्यांनीच सांगितलं, बंदी नसताना. पेटवलीत तर झोपायच्या आधी पाणी ओता, काठीने ढवळा, परत ओता, आणि उलट्या हाताने राखेजवळ बघा, ऊब लागली तर अजून पाणी. म्हणजे पिण्याच्या पाण्याशिवाय शेकोटीचं पाणी वेगळं न्यायचं, आम्ही चौघांना दोन रात्रींसाठी साठ लिटर नेतो.

हवामानाचं थोडक्यात. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी एकनंतर ढग भरून येतात, विजा पडतात, तेव्हा उघड्या माळावर किंवा कड्यावर नसावं. ऑगस्टातही पहाटे बोटं बधिर होतील इतकी थंडी असते, स्लीपिंग बॅगमध्ये कंजूसपणा नको. भारतातून आलेल्या आई-बाबांना पहिल्याच आठवड्यात १०,००० फुटांवर झोपवू नका, आधी डेन्व्हरला पाच-सहा दिवस राहू दे, डोकं दुखायला लागलं, मळमळलं तर थांबायचं नाही, रात्रीच खाली उतरायचं.

तर नकाशा कुठे मिळेल. ज्या जंगलात जाताय तिथल्या रेंजर डिस्ट्रिक्टच्या ऑफिसात कागदी प्रत फुकट मिळते. एका जंगलाचे तीन-चार वेगवेगळे कागद असू शकतात, आपला डिस्ट्रिक्ट बघून घ्या, आणि वर छापलेलं साल बघा, जुना असेल तर नवा मागा, रस्ते बंद होतात, तारखा बदलतात. काउंटरवरच्या माणसाला सांगा की आमची अमुक गाडी आहे, लहान मूल आहे, कुठल्या बाजूला जाऊ, ते पेन घेऊन नकाशावर खूण करून देतात, आम्हाला दोनदा दिली आहे, आणि कुठल्या फाट्यावर चिखल आहे तेही सांगितलं. बहुतेक ऑफिसं शनिवार-रविवारी बंद असतात, त्यामुळे गुरुवारी फोन करून वेळ विचारा आणि शुक्रवारी चारच्या आत गाठा.